ओढ्यापलीकडचे चौतीस

तारीख तीन जुलै, वार बुधवार, वेळ दुपारी सव्वातीन. बेरीज सहाशे अकरा. हजर तिघे: मी, आमच्या ग्रंथालयाचे परिचर खाजाभाई, आणि मुखेडहून एम.ए. इतिहासासाठी आलेली सुजाता.

सहाशे अकरा हा आमच्या कॉलेजनं ऑनलाइन ठेवलेल्या प्रबंधांचा आणि लघुप्रबंधांचा आकडा. नांदेडच्या या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणारा माणूस अशी बाहेर समजूत आहे. शिक्के खाजाभाई मारतात. माझं काम मागणाऱ्याला हवं ते पान मिळेल असं बघणं. या एका वाक्यावर मी सत्तावीस वर्षं पगार घेतला, आणि त्या बुधवारी ते वाक्य माझ्याच टेबलापाशी खोटं ठरलं.

सहाशे अकरा प्रबंध मी स्वतः स्कॅन केले होते. सहा वर्षं, रोज दुपारी दोन ते चार. पान वाकडं आलं तर पुन्हा. तपासणी समितीनं जाताना चार चांगल्या ओळी लिहिल्या, त्यांची झेरॉक्स घरच्या कपाटात आहे. प्रत्येक फाइलला मी कुलूपही लावलं होतं. त्याला कारण घडलं होतं. एक प्राध्यापक माझ्याकडे येऊन एका जुन्या प्रबंधाची टाइप केलेली फाइल मागायचे. "संदर्भासाठी" म्हणायचे. पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात ती दोन प्रकरणं जशीच्या तशी निघाली, चुकलेल्या जोडाक्षरांसकट. तेव्हापासून मी ठरवलं, ऑनलाइन ठेवायचा तो फक्त पानांचा फोटो. त्यातून कुणाला एक ओळ उचलता येऊ नये. माझ्या बंदोबस्ताचा मला अभिमान होता.

सुजाता जन्मापासून पाहू शकत नाही. ती कॉम्प्युटर वापरते तो स्क्रीन रीडरवर. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते हा प्रोग्राम वाचून दाखवतो. माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवर. तिनं वाचनाचा वेग इतका ठेवलेला असतो की मी एकदा इअरफोन कानाला लावून पाहिला तर कढईत लाह्या फुटल्यासारखं ऐकू आलं, एक शब्द कळला नाही. "हळू करू का सर?" ती म्हणाली. "तुमच्या वयाला जमंल असं."

पहिली अडचण मीच केलेली. "ग्रंथालयात इअरफोन लावू नये" हा बोर्ड तिच्या डोक्यावरच होता. खाजाभाई स्टूल घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता तो उतरवला. "मीच ठोकला होता सर, मीच काढून राहिलो. रजिस्टरात लिहायचं तर लिवा."

दुसरी अडचण परगावच्या कंपनीची. आम्ही वर्गणी भरतो त्या नियतकालिकांच्या साइटवर आत जायला आधी एक कोडं सोडवावं लागतं. नऊ चित्रं येतात, त्यांतली सिग्नल असलेली निवडा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे पटतं. सुजाताचं यंत्र म्हणालं, चित्र, चित्र, चित्र. मी वाकून तिच्यासाठी चार चित्रं टिपली, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा दार उघडलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"म्हणजे माणूस तुम्ही निघालात. माझं काय ते अजून ठरायचंच हाय."

खाजाभाई मोठ्यानं हसले. मीही हसलो. नंतर कंपनीला पत्र पाठवलं. तीन पत्रांनंतर कोड्याशेजारी आवाजाचं बटण आलं, तेही इंग्रजी आकडे घोगऱ्या आवाजात सांगणारं.

तिसरी अडचण माझी. तिनं आमचे प्रबंध उघडले. पहिला उघडला, थांबली.

"सर, हे रिकामं हाय."

"असं कसं? एकशे चाळीस पानं आहेत."

"पानं हायत. पानावर काही न्हाई."

दुसरा उघडला. "हे बी रिकामं." तिसरा, चौथा. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, शिक्का, पान नंबर, टाचणीचं भोक सुद्धा. तिच्या यंत्राला मात्र तो फक्त फोटो होता, आणि फोटोत अक्षरं आहेत हे यंत्राला कळत नव्हतं. जे चोरासाठी केलं ते तिच्यावर पडलं. एकोणिसाव्या फाइलला खाजाभाई हळूच म्हणाले, "सर, पोरीला सहाशे अकरा बघायला लावता का?"

तिला त्यातला एकच हवा होता. चाळीस वर्षांपूर्वीचा, टाइपरायटरवर केलेला, एकशे शहाऐंशी पानांचा लघुप्रबंध. विषय, मुखेडकडच्या एका गावचा आठवडी बाजार. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. निजामाच्या शेवटच्या काळात त्या बाजाराची पट्टी वसूल करायचा गुत्ता, म्हणजे ठेका, ज्याच्याकडे होता त्याची वही लेखकाला मिळाली होती, आणि त्यानं तिच्यातले तक्ते उतरवून घेतले होते. वही पुढे नष्ट झाली. आता जे आहे ते या लघुप्रबंधातच. ते गाव सुजाताच्या आईचं आजोळ.

एकवीस दिवसांनी, चोवीस जुलैला, तिला संशोधनाची रूपरेषा विभागापुढे मांडायची होती. तिच्या मार्गदर्शकांनी, वाईट हेतूनं नव्हे, सांगून ठेवलं होतं की साधनं वाचता येत नसतील तर विषय बदलावा, मुलाखतींवर काही घ्यावं, ऐकून होईल असं.

"ऐकूनच तर करते मी," ती मला म्हणाली. "पुस्तक बी ऐकतेच."

मी सुचवलं, खाजाभाई रोज दोन तास वाचून दाखवतील. खाजाभाई तयारही झाले. सुजातानं मान हलवली.

"बी.ए.ला माझी वहिनी वाचायची सर. लई जीव लावून वाचायची. पण तक्ता आला की म्हणायची, इथं नुसते आकडे हायत. खाली बारीक अक्षरात काही आलं की म्हणायची, हे कामाचं न्हाई. कामाचं हाय का न्हाई ते मला ठरवायचं हाय."

टाइपरायटरची अक्षरं झिजलेली, वरच्या मात्रा उडालेल्या. फोटोतून अक्षरं ओळखणारा प्रोग्राम मी चालवून पाहिला, त्यानं "बाजार" या शब्दाची पाच रूपं काढली. उरला एकच मार्ग, हातानं टाइप करणं. अठरा दिवस, रोज दहा पानं, आणि वरची सहा कुठंतरी कोंबायची. मी तिला तारीख दिली, बावीस जुलै.

घरी जेवणं झाली की आमच्या मंगलनं वाचायचं आणि मी टाइप करायचं अशी वाटणी झाली. मंगल माझी पत्नी. तिचं माहेर निलंग्याचं, वाचन खणखणीत. माझी पद्धत अशी की आधी पानावरचा मुख्य मजकूर आणि तक्ते करायचे, तळटीपा सगळ्या शेवटी, एकत्र. मध्येच तळटीप आली तर ऐकणाऱ्याचं वाक्य तुटेल, असा माझा विचार. सुजाताला विचारलं नव्हतं.

पान एकशे बारावर बाजारात बसणाऱ्यांचा तक्ता होता. धान्य एकेचाळीस, कापड बावीस, भाजी त्रेपन्न, मिरची-मसाला एकोणीस, भांडी सतरा, बांगड्या बारा, किरकोळ सोळा, ओढ्यापलीकडे चौतीस. एकूण एकशे ऐंशी.

मला आकडा दिसला की बेरीज आपोआप होते. किराण्याच्या यादीची, एस.टी.च्या तिकिटाची, कुणाच्या लग्नपत्रिकेतल्या तारखेच्या अंकांचीही. ही बेरीज दोनशे चौदा येत होती. फरक चौतीस. टाइप करणारा शेवटची ओळ धरायला विसरला, हे उघड होतं. मी एकशे ऐंशी खोडून दोनशे चौदा केले.

मंगल थांबली. "त्यानं एकशे ऐंशी लिहिलंय."

"चुकलाय तो."

"चुकू द्या की. तुमचं पुस्तक हाय का ते?"

"चूक दिसली आणि तशीच ठेवली, तर मी तिथं बसलोय कशाला?"

ती पान उलटून एकशे तेरा वाचायला लागली.

बावीस तारखेला सोमवारी सकाळी दहा वाजता मी फाइल सुजाताच्या हातात दिली. तिनं पेन ड्राइव्ह मुठीत धरला आणि विचारलं, "सगळं हाय ना?" मी म्हणालो, "एकशे शहाऐंशी पानं. एक ओळ गाळली नाही." आणि हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलापाशी आली. रूपरेषेला एक दिवस राहिला होता. चेहरा ओढलेला.

"सर, पान एकशे बारा. एकूण दोनशे चौदा."

"बरोबर."

"आता शेवटी तळटीपा ऐकल्या. एकशे बाराची तळटीप म्हणती, 'ओढ्यापलीकडे बसणारे, म्हणजे मोळ्या, गवत, दोर, केरसुण्या व जोडे विकणारे, वहीत या बेरजेत धरलेले नाहीत. पट्टी मात्र दरडोई एक आणा घेतलेली आहे.' धरलेले न्हाईत, तर दोनशे चौदा कसे? मी तीनदा केली बेरीज. ओढ्यापलीकडचे काढले की एकशे ऐंशी येतात."

ती तळटीप मीच टाइप केली होती, अठराव्या दिवशी, इतर एकशे सहा तळटीपांबरोबर. बोटांनी टाइप केली होती. वाचली नव्हती.

"टाइपरायटरवाल्याची चूक असेल," माझ्या तोंडून निघालं. ही ओळ मी इथं लिहितो आहे कारण ती मी बोललो होतो.

खाजाभाई पलीकडे पुस्तकं लावत होते. ते आतल्या कपाटाकडे गेले आणि मूळ प्रत घेऊन आले. पान काढलं, बोट ठेवलं, मोठ्यानं वाचलं. "एकूण, एकशे ऐंशी." मग प्रत माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा पुस्तकांकडे गेले.

"मी बदललं," मी म्हणालो. "मला वाटलं चूक आहे. मी दुरुस्त केलं."

सुजातानं जे सांगितलं ते मला अजून सोडत नाही.

"माझी आई लहानपणापास्नं सांगती, सर. तिची आजी त्या बाजाराला मोळी घेऊन जायची. ओढ्याच्या अलीकडं यायला परवानगी न्हवती. ओढ्यात पाणी आलं की गिऱ्हाईकच यायचं न्हाई, अन् पट्टी तरी द्यावीच लागायची. मी काल एकशे बारा ऐकलं अन् आईला फोन केला. म्हणलं, आई, कागदात तर सगळे एकाच बेरजेत हायत, तुझ्या आजीचं काही वेगळं मोजलेलं न्हवतं. रूपरेषेत बी तसंच लिहिलं, की तोंडी आठवणी अन् कागद जुळत न्हाईत."

"मग? आई काय म्हणाली?"

"म्हणली, कागद शिकलेल्यांचा असतो बाई. अन् फोन ठेवला."

एका आकड्यानं मी एका बाईला तिच्या मुलीपुढे खोटं पाडलं होतं. वहीवाल्यानं चौतीस जणांना बेरजेबाहेर ठेवलं, हे त्याचं कृत्य. मी त्यांना आत घेतलं आणि बाहेर ठेवल्याचा पुरावाच पुसून टाकला.

"सुजाता, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"रागावले न्हाई मी," ती म्हणाली. "पण दुसऱ्या पोरांना शंका आली तर मूळ पान बघता येतं. माझं मूळ पान तुम्ही लिवाल तेच. तुम्ही नीटनेटकं करून दिलं तर मला कळायचं कसं?"

त्या दुपारी मी ग्रंथालय एक तास आधी बंद करायची परवानगी प्राचार्यांकडून घेतली, लेखी. कारण काय लिहावं ते सुचेना, "तक्ते पडताळणी" लिहिलं. तेवीस तक्ते होते. खाजाभाईंनी मूळ प्रतीतून वाचलं, सुजातानं माझ्या फाइलमधून ऐकून जुळवलं, मी गप्प बसलो. आणखी दोन ठिकाणी माझी बोटं फिरलेली निघाली. एकात मी लिंबांची संख्या आणि टोपल्यांची संख्या अदलाबदल करून "ठीक" केली होती. दुसऱ्यात बाजाराचा वार. तिन्ही जागा मूळपदावर आणल्या. सहा वाजता सुजातानं रूपरेषेतलं ते वाक्य काढलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन आईला फोन केला. काय बोलली ते मी ऐकलं नाही. आत येताना ओढणीनं चेहरा पुसत होती, एवढं दिसलं.

चोवीस तारखेला तिची आई मुखेडच्या पहिल्या एस.टी.नं आली. अंगणवाडीत मदतनीस आहेत. रूपरेषा मांडून होईपर्यंत त्या ग्रंथालयात बसल्या. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि माझं नाव, माझी चूक, दोन्ही सांगितलं. त्यांनी मला बसायला लावलं.

"सर, मी आपली सांगून राहिले होते, पोरीला कागद पटला. तिचं बी बरोबर हाय, शिकायला पाठवलंय ते कागद पटायलाच." मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "गोदाबाई नाव होतं तिचं. माझ्या आजीचं. मोळी डोक्यावर अन् आणा कमरंला, असं जायची म्हणं. आणा सुटा नसला तर मोळीच ठेवून घ्यायचा गुत्तेदार."

विषय मंजूर झाला. मार्गदर्शकांनी नंतर मला बोलावून त्या तळटीपेचं पान मागितलं. चाळीस वर्षं लघुप्रबंध कपाटात होता, त्यांनीही कधी खालचं वाचलं नव्हतं.

एक काम उरलं होतं. ज्यांनी तो लघुप्रबंध लिहिला ते गुरुजी लातूरला राहतात हे मी शोधून काढलं. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. पुढच्या रविवारी लातूरची गाडी धरली. त्यांचा मजकूर मी परस्पर बदलला होता, तो तसाच ऑनलाइन गेला असता, हे त्यांना तोंडानं सांगायचं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "बेरजेबद्दल माझ्या परीक्षकांनी पण विचारलं नाही. मी वहीत होतं तसं लिहिलं आणि खाली टीप टाकली. वर लिहायची हिंमत नव्हती त्या वेळी माझ्यात, खरं सांगतो. नोकरी त्याच भागात होती. म्हटलं, खाली ठेवू, कुणीतरी विचारील." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरीला दिसत नाही म्हणता? आणि तिनं वाचलं?"

मी सुजाताला फोन लावून दिला. अर्धा तास बोलले दोघं. चहा निवला.

आमच्या ग्रंथालयात आता तीन नियम आहेत, खाजाभाईंनी बोर्डवर लिहून, इअरफोनचा बोर्ड होता त्याच खिळ्यावर लावलेत. आहे तसं टाइप करायचं. शंका आली तर चौकटी कंसात "असेच आहे" लिहायचं. तळटीप जिथली तिथंच वाचली जाईल अशी ठेवायची. तिसरा नियम सुजातानं सांगितला. वाक्य तुटलं तर तुटू द्या, म्हणाली.

कुलपं सगळी काढली. नव्या प्रबंधांना आता अक्षरांची फाइल घेतल्याशिवाय मी पावती देत नाही. जुन्यांपैकी गेल्या चौदा महिन्यांत सत्तेचाळीस टाइप झाले. मंगल वाचते, मी टाइप करतो, आणि मग दुसऱ्यानं तपासायचं. उरले पाचशे चौसष्ट. याच गतीनं चौदा वर्षं लागतील. माझ्या नोकरीची चार राहिलीत. हा हिशेब मी प्राचार्यांना लेखी दिला आहे आणि दर महिन्याला पुन्हा देतो.

सुजाताचा लघुप्रबंध या मे महिन्यात जमा झाला. शिक्का खाजाभाईंनी मारला, जरा जोरानंच. मी तिच्या समोर बसून पान नव्वद उघडलं. तक्ता तोच. खाली तिनं दोन बेरजा दिल्यात, वहीची एकशे ऐंशी आणि माणसांची दोनशे चौदा. दोनशे चौदा हा माझा आकडा, पण आता तो त्याच्या जागी आहे. त्याखाली तळटीप, मुख्य मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात.

ती मी मोठ्यानं वाचली. या वेळी नीट वाचली.

ओढ्यापलीकडचे बसणारे चौतीस. दरडोई पट्टी एक आणा. एकूण भरणा चौतीस आणे, म्हणजे दोन रुपये दोन आणे. घेणार, बाजाराचा गुत्तेदार. पावती नाही. भरणाऱ्यांपैकी एकीचं नाव लागलं आहे: गोदाबाई, मोळी. बाकी तेहतीस नावं शोधायची आहेत.